तात्यांचे कावळे

आमच्या पेठेत तात्यांनी 'कावळ्या' म्हणून हाक मारली नाही, असा माणूस नाही. मला, चहावाल्याला, एकदा तर नाटकाच्या परीक्षकालासुद्धा! बक्षीस गेलं ते गेलंच.

तात्या आमच्या हौशी नाटकमंडळाचे प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं विंगेत बसून विसरभोळ्या नटांना वाक्यं पुरवतायत. नवं नाटक हातात आलं की लाल पेन्सिलीनं त्यातली फक्त जनावरं अधोरेखित करायची, हा त्यांचा नाद. म्हणायचे, "माणूस दुसऱ्याला ज्या जनावराच्या नावानं हाक मारतंय न्हवं, तेच त्येच्या आत बसल्यालं असतंय."

यंदाच्या नाटकात मेहुण्याच्या तोंडी सात वेळा 'साप' होता. तात्यांनी त्याला पापणी न लववता बोलायला लावलं. आठ दिवसांत त्या नटाची स्वतःची पोरगी त्याच्याजवळ जाईना. मी म्हातारा सासरा, घरच्यांना उठता-बसता 'कुत्री' म्हणणारा. तात्या म्हणाले, "मग तू उंबऱ्यावर बस. समदी सोडून जातील म्हणून भ्यालंय ते. राखण करतंय." बसलो बाबा! तिसऱ्या दिवसापासनं गल्लीतली कुत्री माझ्यावर भुंकायची बंद झाली. नुसती मागनं यायची आणि आमच्या दारात बसून राहायची. देवाशप्पथ, अंगावर काटा यायचा. बायको म्हणाली, "आधी ते नाटक सोडा."

मग तात्यांच्या आत कोण, हे विचारायचं धाडस मात्र आमच्यात कुणाला नव्हतं.

परवा ते तालमीला आले नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. गच्चीचा जिना चढलो तर कठड्यावर पत्रावळ, तिच्यात भात, वडे, खीर. समोर तात्या उकिडवे बसलेले, मान एका अंगाला कललेली. तारेवर ओळीनं कावळे होते आणि एकाचाही आवाज नव्हता. सगळे तात्यांकडे बघत होते. मी जिन्यातच थिजलो.

"ये कावळ्या," मागं वळून न बघताच ते म्हणाले.

काकूंचं, म्हणजे तात्यांच्या बायकोचं, श्राद्ध होतं. यंदा त्याची तयारी नेमकी तालमीच्या दिवशी आली, म्हणून ती चुकली होती. सकाळपासून तात्यांच्या पोटात काही नव्हतं. पानाला कावळा शिवल्याशिवाय जेवायचं कसं?

"दहाव्यालाबी शिवला न्हवता. घाटावर पोरास्नी सांभाळतो म्हनलं, देवाला जातो म्हनलं, समदं कबूल केलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. तवापासनं दर वर्साला ह्येच. जगाला वाक्यं दिली रं मी, पर हिला काय म्हनायचं हुतं, ते न्हाय कळलं."

मला एकदम भडभडून आलं. श्राद्धाच्या पानाला असा हात लावू नये, हे मलाही कळतं. आईला समजलं असतं तर तिनं मला उभा सोलला असता. तरी पुढं झालो, पत्रावळीतला वडा उचलला आणि तोंडात घातला.

तारेवरचे कावळे एकदम उडाले. तात्या माझ्याकडं बघतच राहिले. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता.

मी हळूच, विंगेतून सांगावं तसं म्हणालो, "काकू म्हणतायत, जेवून घ्या आता."

तात्यांनी डोळे पुसले. पत्रावळ पुढं ओढली.

"पुन्यांदा सांग की रं," ते म्हणाले. "नीट ऐकू आलं न्हाय."