झिंगरूजींचा साबण

झिंगरूजी कुणालाही भेटले की नमस्काराच्या आधी त्याच्या बोटांकडे बघत. अंगठी दिसली की सदऱ्याच्या खिशातून साबणाचा तुकडा निघे. "काढून दाखव." एका लग्नात त्यांनी नवरदेवालाही सोडलं नाही. अंगठी अडकली तेव्हा भर मांडवात म्हणाले, "उद्या बोट चेंगरलं, सुजलं, त कापून काढशील का?" अशा माणसाला पुन्हा कोण पंगतीला बोलावणार? तरी ते जात. साबण घेऊन जात.

आंधळगावच्या एका राईस मिलमध्ये ते काटेवाले होते, म्हणजे धानाची पोती तोलायचे. मी त्याच मिलच्या फाटकासमोर युनियनची पत्रकं वाटत असे. आमची मागणी एकच होती: फिरत्या पट्ट्याला लोखंडी जाळी लावा. शेठजींनी लिंबू-मिरची लावली. जाळीने म्हणे पट्ट्याला हवा लागत नाही. माणसाचा हात लागलेला चालतो!

आमच्या घोषणांना झिंगरूजी हमखास हजर. मी मूठ उगारली की ओरडत, "ओ लीडर, मूठ काहून आवळून राहिला? बोटं मोकळी ठेव, रगत फिरू दे!" क्रांतीचा इतका कचरा शेठजींनीही केला नव्हता.

एका दुपारी पट्ट्याखालचा कोंडा झाडताना देवकाबाईचा उजवा हात पट्टा आणि चाकाच्या मध्ये सापडला. मशीन थांबवली, हात निघाला आणि डोळ्यांदेखत सुजू लागला. हिरव्या काचेच्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. एकीने हळद आणली, दुसरीने तंबाखू. बांगड्यांना मात्र कुणी हात लावेना. नवरा धडधाकट असताना सवाष्णीचा हात मोकळा करायचा म्हणजे काय? झिंगरूजींनी साबण लावून पाहिला. सरकेनात. मग त्यांनी बांगड्यांखालून आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक सारलं आणि पकडीने एकेक बांगडी फोडली. बायांनी गळा काढला.

देवकाचा नवरा मारोती धावत आला आणि त्याने आधी झिंगरूजींच्या थोबाडीत दिली. "मी जित्ता असतानी माह्या बायकोच्या बांगड्या फोडतेस, बुढ्या?"

"जित्ता हायेस ना? मंग तिचा हात वर धर. छातीच्या वर! अन् दवाखान्यात चाल."

भंडाऱ्याच्या दवाखान्यातून देवका पट्टी बांधून आली. गाव म्हणालं, झालं. झिंगरूजी म्हणाले, "बांधलं म्हन्जे झालं नाई. तिथून सुरू होते." मिल सुटली की ते रोज तिच्या दारात. मारोती दार लावून घेई. हे बाहेरूनच ओरडत, "देवकाबाई, नखं काळी पडून राहिली का? मुंग्या येते का? पट्टीले वास त नाई? डाक्टरनं सांगतलं त्या दिवशी जा वं, अन् बोटं हालव!" आतून मारोतीच्या शिव्या येत आणि शिव्यांच्या मागून बारीक आवाज, "हालवते जी."

शेठजींनीही कर्तव्यात कसूर केली नाही. मशीनसमोर सत्यनारायण घातला. भटजी देवकाला दरडावून म्हणाले, "प्रसाद उजव्या हाताने घ्यावा." उजवा हात पट्टीत, हवेत. तिने झिंगरूजींकडे पाहिलं आणि डावाच पुढे केला. उजवा खाली करायची तिला परवानगी नव्हती.

यथावकाश पट्टी सुटली आणि बोटं वळली. एक नख गेलं, एवढंच. जाळी मात्र अजून लागली नव्हती. मोर्चात झिंगरूजींना सर्वांत पुढे चालवायचं ठरवून मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो.

ओसरीवर बसून ते बायकोला नव्या बांगड्या भरत होते. सखूबाईंच्या डाव्या हाताला साबणाचा फेस होता. उजवा हात मनगटाच्या वरच संपला होता.

मी बघतोय हे पाहून सखूबाईच म्हणाल्या, "बैलबंडीच्या चाकात सापडला होता, बाबू. तवा सासूबाईनं बांगड्या काढू देल्या नाई."

"अन् मी बी नाई काढल्या," झिंगरूजी म्हणाले. मान वर न करता.

दोन्ही हातांच्या बांगड्या त्यांनी त्या एकाच हातात चढवल्या. शेवटची जरा अडली.

"दुखून राहिलं का वं?"

"नाई जी."

तरी त्यांनी फेस आणखी थोडा लावला.