परबकाकांची शार्क-वही

आमच्या लालबागच्या इमारतीत लिफ्टने वर जायचं असेल तर आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. दार बंद झालं की कोपऱ्यात उभे असलेले परबकाका काखेतली दोनशे पानी वही काढतात, चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि विचारतात, "हौशी पाणबुड्यांना दाखवायला म्हणून शार्कला हाताने खाऊ घालावं की नाही? तुमचं प्रामाणिक मत काय?" लिफ्ट चौदा मजले जाते. सुटका नाही.

त्या वहीत सगळे आहेत. कुरियरवाला आहे, गॅसवाला आहे, पाचव्या मजल्यावरच्या बाळंतिणीला बघायला आलेली तिची सासू आहे. मीटर बघायला आलेल्या माणसाने 'मी घाईत आहे' असं लिहून सही केली. काकांनी त्याला तटस्थ धरलं.

"पण काका, लालबागमध्ये शार्क आहेत कुठे?" असं कुणी विचारलं की ते बोट वर करतात. "तत्त्वाचा प्रश्न आहे हो, तत्त्वाचा! जनावराला आयत्या घासाची सवय लावू नये."

परबकाका आमच्या समोरच्या दारात राहतात. शिवडीला गोदीत कारकुनी करून निवृत्त झाले. गाव मालवणकडचं, नोकरी धक्क्यावरची, आणि पोहता अजिबात येत नाही. समुद्र बघायचा असतो, त्यात शिरायचं नसतं, हे त्यांचं ठाम मत. आणि त्यांची एकुलती एक मुलगी स्नेहल चांगली संगणकाची नोकरी सोडून हिंदी महासागरातल्या कुठल्याशा चिमुकल्या बेटावर समुद्रात बुडी मारायला शिकवायला गेली. काकू जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

नुसतं शिकवत असती तर काकांनी गिळलं असतं. पण चार वर्षांपूर्वी तिने फोटो पाठवला. समुद्राच्या तळाशी पर्यटक गोल करून गुडघ्यांवर बसलेत, मधे आमची स्नेहल, आणि ती डब्यातून माशाचं डोकं काढून मोटारीएवढ्या शार्कला भरवते आहे. मी "अगं बाई!" म्हणून ओरडले. दुसऱ्या दिवशी काकांनी खाली जाऊन वही आणली.

सोसायटीच्या सभेतही त्यांनी हा विषय नेला. सभा होती गच्चीच्या गळतीवर. अध्यक्षांनी "ऐनवेळचे काही विषय?" म्हणायचा अवकाश, काका उभे. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, सगळ्यांना घरी पळायचं होतं. त्यामुळे 'शार्कला हाताने भरवण्याच्या प्रथेबद्दल ही सभा चिंता व्यक्त करते' हा ठराव एकमताने मंजूर झाला. गळतीचा राहिला तो राहिलाच. ठरावाचं इंग्रजी मी करून दिलं आणि तो त्या बेटावरच्या मॅनेजरला गेला. त्याचं उत्तर आलं की आपल्या आस्थेबद्दल आभार, संपूर्ण इमारतीने सहलीला यावं, सवलत देऊ. काकांनी ते फाइलला लावलं. सातव्या मजल्यावरचे सावंत मात्र सवलत कधीपर्यंत आहे ते विचारून गेले.

दर रविवारी संध्याकाळी सहाला स्नेहलचा व्हिडिओ कॉल येतो. फोन मी धरते, कारण काकांनी धरला की तिला फक्त पंखा दिसतो. आणि मग जुंपते.

"बाबा, पूर्वी इथले लोक शार्कचे पर कापून विकायचे. आता जिवंत शार्क बघायला पर्यटक येतात म्हणून तेच लोक त्यांना जपतात. भरवलं नाही तर शार्क येणार नाहीत, आणि शार्क नाहीत तर पर्यटक कशाला येतील?"

"आणि सवयीचं काय? बोटीचं इंजिन वाजलं की जमतात, तूच म्हणालीस ना? एक दिवस डबा रिकामा असला तर काय बघणार ते? हात बघणार!"

"हातात स्टीलच्या जाळीचा मोजा असतो, बाबा."

"कुठलं स्टील? भांड्यांचं?"

खरं सांगू? मला दोघांचंही पटायचं. वहीत माझ्या दोन सह्या आहेत, दोन्ही बाजूंना. काकांना अजून पत्ता नाही.

आता माझा गुन्हा सांगते. रविवारी काका आमच्याकडे जेवतात. मोरी म्हणजे आमच्याकडचा लहान शार्क, बाजारातल्या कोळणी त्याला मुशी म्हणतात. काकू असताना मोरीच्या कालवणावर हा माणूस दोन वेळा भात घ्यायचा. पण गेली काही वर्षं मी मोरी केली की हे वरणभातावर येणार. "युरिक ॲसिड गो," म्हणणार. बांगडा चालतो, कोळंबी चालते, मोरीनेच तेवढं युरिक ॲसिड वाढतं! मला वाटलं, हे त्यांचं तत्त्व. मी तोंडाची फटकळ, त्यात खोडी काढायची सवय. म्हटलं, बघूच किती दिवस जिभेला आवरतात. मोरी उकडून कुस्करली, आलं-मिरची घालून कटलेट केले आणि वाढले.

काकांनी तीन खाल्ले. "सुलभा, मासळी कुठली गो? काय चव आहे!"

"ओळखा," मी म्हटलं. "मोरी!"

मला वाटलं होतं चिडतील, भाषण देतील. त्यांनी चौथ्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, "तिकडे आता किती वाजले?"

तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. "साडेबारा."

"एकला तिची बोट सुटते, शार्कांकडे," काका म्हणाले आणि उठून फोन लावायला लागले. लागेना. पुन्हा लावला. लागेना. हात उष्टेच होते, फोनला मसाला लागत होता. मी म्हटलं, "अहो काका, झालं काय एवढं?"

तेव्हा सगळं बाहेर आलं. तो फोटो आला त्या संध्याकाळी काका एकटेच दादर चौपाटीला गेले होते. पाण्यात पाय घालून उभे राहिले आणि शार्कांना सांगून आले, "आजपासून मी तुमच्यातल्या कुणाला तोंड लावणार नाही. तुम्ही माझ्या चेडवाच्या हाताला तोंड लावू नका."

"काका, अहो मग ते तत्त्व?"

"तत्त्व कसला गो," काका म्हणाले. "माका भिया वाटता. तिला 'भिया वाटता' म्हटलं तर ती हसेल, नाहीतर सगळं सोडून परत येईल. दोन्ही नको. म्हणून वाद घालतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं पाळलेला नवस मी तीन कटलेटांत मोडला होता. शिकलेली बाई मी, ऑफिसात वीस माणसं हाताखाली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी दीड वाजल्यापासून मीसुद्धा माझ्या फोनवरून स्नेहलला फोन लावत होते.

चार वाजता काका म्हणाले, "मी जाऊन येतो." कुठे ते विचारावं लागलं नाही. टॅक्सी मीच थांबवली.

चौपाटीवर काका चपला काढून पाण्याच्या कडेला उभे राहिले. हात जोडले, पण शब्द फुटेना. चार वर्षं आख्ख्या इमारतीला बोलून बेजार करणारा माणूस, ओठ नुसते हलत होते. मला ते बघवेना. मी साडी वर धरून पाण्यात गेले आणि मोठ्यांदा म्हणाले, "अहो, ऐका! काकांची काही चूक नाही. मी फसवून खायला घातलं. राग काढायचा तर माझ्यावर काढा. पोरीला काही करू नका."

भेळ खात बसलेलं एक जोडपं खायचं थांबून बघायला लागलं. बघू दे. मला रडू आलं होतं आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिथेच वाळूत आम्ही बसून राहिलो.

सव्वापाचला फोन वाजला. ओले केस, खांद्यावर टॉवेल, स्नेहल घाबरलेली. "बाबा, इतके मिस्ड कॉल? बरं आहे ना तुम्हाला? सुलभाताई, काय झालं?"

"हात दाखव तुझे," काका म्हणाले.

"काय?"

"आधी हात दाखव गो!"

तिने दोन्ही पंजे कॅमेऱ्यासमोर धरले. पाण्यात राहून बोटं पांढरी पडली होती, सुरकुतली होती. काका पडद्यावर आपलं बोट टेकवून एकेक मोजायला लागले. मधेच चित्र अडकलं, तसे तेही थांबले. चित्र हललं, तसे पुढे गेले. दहा भरली.

"झालं ना, बाबा?" स्नेहलचा आवाज बदलला होता. "आहेत ना सगळी?"

"गप रव," काका म्हणाले. "हात उलटे कर. परत मोजतंय."