गस टेडेस्कोला कुणी पाडलं?

गावातला पन्नास वर्षांचा वाद मी एका दुपारी मिटवून दाखवणार, असं मी फेब्रुवारीत जाहीर केलं. जाहीर केलं ते न्हाव्याच्या दुकानात, म्हणजे संध्याकाळपर्यंत नदीपलीकडच्या गावालाही कळलं. बायको म्हणाली, "लेन, ही नसती उठाठेव तुला कुणी सांगितली?" मी म्हटलं, कुतूहल. ती म्हणाली, तिचं शिलाई मशीन उघडतानाही मी हाच शब्द वापरला होता. ते मशीन अजून बुटांच्या खोक्यात आहे.

वाद समजायला सोपा आहे. आमच्या फायर हॉलच्या, म्हणजे गावच्या अग्निशमन दलाच्या सभागृहाच्या, एका भिंतीवर शाळेच्या फुटबॉल संघातल्या जुन्या खेळाडूंच्या पितळी पाट्या आहेत. तो आमचा हॉल ऑफ फेम. वर्षाला एकच पाटी, आणि यंदाची पाटी लाइनबॅकरची. लाइनबॅकर म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी. चेंडू काखेत दाबून कुणी धावत आला की त्याला आडवा करायचा, एवढंच त्याचं काम. पण हे काम आमच्या गावात पोटातल्या पोराला आधी शिकवतात आणि मग त्याला बाहेर येऊ देतात.

उमेदवार दोन. पहिला वॉल्ट यांचिक, म्हणजे माझा सख्खा मेहुणा. दुसरा ओटिस पेटवे. दोघं पंचाहत्तर सालच्या संघात शेजारी शेजारी उभे राहायचे. आणि प्रश्न एकच: त्या वर्षीच्या शेवटच्या सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, गोलरेषेपासून हातभर अंतरावर नदीपलीकडच्या ग्रेंजबर्गच्या गस टेडेस्कोला पाडलं कुणी? तो रेषेपलीकडे गेला असता तर सामना त्यांचा; पडला म्हणून आम्ही विजेते झालो. गावाच्या वेशीवरच्या फलकावर ते अजून लिहिलेलं आहे.

वॉल्ट सांगायचा, "मी पाडलं. आयुष्यात तसा दणका पुन्हा दिला नाही. उजवा खांदा अजून पाऊस येणार असला की आधी मला सांगतो." ओटिस फारसं बोलायचा नाही. कुणी फारच छेडलं तर वरचा ओठ उचलून तुटलेला दात दाखवायचा आणि म्हणायचा, "हा काय मी पाव खाताना तोडला?"

समितीत आम्ही पाच जण. दोन मतं वॉल्टला, दोन ओटिसला. पाचवा मी, अध्यक्ष. वॉल्टला मत दिलं तर लोक म्हणणार, मेहुण्याला पाटी वाटली. ओटिसला दिलं तर रविवारचं जेवण मला गॅरेजमध्ये बसून खावं लागणार. वॉल्टने तर पाटीच्या समारंभासाठी अ‍ॅरिझोनातून नातीला यायलाही सांगून ठेवलं होतं. तिकडे ओटिसची मुलगीही बापाच्या नावाचा फॉर्म भरून रोज मला फोन करत होती.

आता एक गोष्ट कबूल करतो. त्या सामन्यात कुणी किती गडी पाडले याची नोंद करायला वर काचेच्या खोलीत मीच बसलो होतो. इतका चिखल होता की पाठीवरचे नंबर दिसत नव्हते. अशा वेळी नोंद करणाऱ्यांचा एक ठरलेला नियम असतो: माणसांचा ढीग उठायला लागला की सगळ्यांत शेवटी कोण उठतो ते बघायचं. जो सगळ्यांत खाली, त्यानेच पाडलं. पण त्या दिवशी ढिगाखालून वॉल्ट आणि ओटिस एकदमच उठले. मी वॉल्टचं नाव लिहिलं. कारण विचाराल तर, वॉल्टच्या बहिणीला मी शाळेच्या नाचाला येतेस का म्हणून विचारणार होतो. ती आली, आणि अजून घरात आहे. हे कारण मी समितीला कधी सांगितलं नाही.

पण मला स्वतःलाच खरं काय ते कळत नव्हतं, आणि वय वाढलं तसं ते जास्तच टोचायला लागलं. म्हणून मी शाळेच्या तळघरातून त्या सामन्याची फिल्म शोधून काढली. घरीच चालवून पाहिली. गस धावत येतो, गोलरेषा जवळ येते, आणि ऐन वेळी चित्रात नुसतं आभाळ. चित्रण करणारे आमचे गणिताचे मास्तर उत्साहाच्या भरात उडी मारून बसले होते. पुढची दोन मिनिटं एक कबुतर दिसतं.

मग आठवलं, चित्रण ग्रेंजबर्गनेही केलं असणार. प्रत्येक शाळा आपल्या सामन्याची फिल्म काढते आणि पुढच्या प्रतिस्पर्ध्याशी अदलाबदल करते, ही जुनी रीत. पूल ओलांडून मी तिकडे गेलो. शाळेत म्हणाले, सगळ्या फिल्म गस टेडेस्को घरी घेऊन गेला.

गस दारातच भेटला. गोल, टक्कल पडलेला, नातवाची टोपी घातलेला. मी सरळ विचारलं, की बाबा, तुला पाडलं कुणी? तो गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "तुमच्याकडे शुक्रवारी मासे अजून तळतात का?"

तळतात. ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी फायर हॉलमध्ये तळलेला मासा, पिरोगी म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, आणि कोबी-नूडल्स असतात, आणि अख्खं गाव असतं. गस म्हणाला, फिल्म तो स्वतः घेऊन येईल, पण वॉल्ट आणि ओटिस दोघं समोर बसलेले पाहिजेत. मला वाटलं, वा, साक्षीदार स्वतः पुरावा घेऊन येतोय. वकील व्हायला हवं होतं मी.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता आम्ही खिडक्यांना टेबलांवरची कापडं लावली. दोघांना पहिल्या रांगेत बसवलं. मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवली, कारण दोघांनी ती मागितली. डोलोरेस, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघराच्या खिडकीत झारा घेऊन उभी होती. तो झारा मला उगाचच मोठा वाटला.

गसने आणलेली फिल्म मी मशीनवर चढवली आणि ते खडखडलं. भिंतीवर चिखल दिसला, मग चिखलातली माणसं. चित्र इतकं स्थिर की टेडेस्कोच्या बुटाच्या नाडीचे वेढे मोजावेत. गस चेंडू घेऊन येतो. डावीकडून वॉल्ट सुटतो, डोकं खाली. उजवीकडून ओटिस सुटतो, डोकं खाली. गस मध्येच जरा थबकतो. आणि वॉल्ट आणि ओटिस पूर्ण वेगाने एकमेकांवर आदळतात.

एकमेकांवर. गसला कुणाचं बोटही लागलेलं नाही. तो त्या दोघांना वळसा घालून मोकळ्या मैदानात एक पाऊल टाकतो, पाय घसरतो आणि पालथा पडतो. शाळेच्या नियमात माणूस आपोआप पडला तरी खेळ थांबतो. बाकीचे सगळे मग त्यांच्यावर येऊन पडतात, आणि होतो तो ढीग.



वॉल्टने विचारलं, "परत दाखवता येईल?" मी परत दाखवलं. मग अजून एकदा, हळू. ओटिसची मान अंधारात सावकाश वॉल्टकडे वळली.

"तो तू होतास?" ओटिस म्हणाला.

"म्हणजे माझा खांदा..." वॉल्ट म्हणाला.

"म्हणजे माझा दात."

मी गसला विचारलं, इतकी वर्षं गप्प का बसलास? तो पिरोगी खात होता. म्हणाला, "तुमच्या गावात दोन माणसं भांडत होती की गसला पाडायला मी लागलो. ते बरं, की गस बापडा आपला आपणच घसरला ते बरं?" त्याला दुसरी पिरोगी वाढली गेली.

वॉल्ट उठून त्या मधल्या खुर्चीवर येऊन बसला. दोघं एकमेकांचा खांदा आणि दात तपासायला लागले. आणि मग वॉल्ट माझ्याकडे वळून म्हणाला, "लेन, पाटी ओटिसला दे. मला आयुष्यात एवढ्या जोरात कुणी हाणलं नाही." ओटिस म्हणाला, "छे, पाटी वॉल्टची. मला तर तीन दिवस सूपच प्यावं लागलं होतं." यावर वॉल्ट चिडला. ओटिसही चिडला. समितीतल्या वॉल्टच्या दोघांनी वॉल्टचा मान राखून मतं ओटिसला दिली, आणि ओटिसच्या दोघांनी वॉल्टला. पुन्हा दोन-दोन. पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी डोलोरेसकडे बघितलं. ती डोळे पुसत होती. म्हणाली, "माझा भाऊ एवढ्या मोठ्या मनाने म्हणतोय, तर ऐक त्याचं." माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. पहिल्यांदाच मला न्याय आणि घर एकाच बाजूला सापडलं होतं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि मत ओटिसला दिलं. टाळ्या झाल्या. वॉल्टने सगळ्यांत जोरात वाजवल्या. दोघं मिठी मारून रडले, आणि मीही रडलो, लपवायचं कशाला.

शनिवारी वॉल्ट खूश होता. रविवारी आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा जरा कमी बोलला. सोमवारी त्याने नातीला फोन करून येऊ नकोस म्हणून कळवलं. मंगळवारी सकाळी सातला आमच्याकडे फोन वाजला.

"लेन," वॉल्ट म्हणाला, "मी आपलं म्हटलं. आणि तू खरंच दिलंस?"

मी आधार म्हणून डोलोरेसकडे बघितलं. तिने माझी कॉफी उचलली आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवली.