पंधरा दिवसांचा खुराक

गणितात मला पालममध्ये तोड नव्हती! हडकुळेपणातही नव्हती म्हणा. मी फळ्यापुढे बाजूनं उभा राहिलो की पोरं एकमेकांना विचारत, "सर आले का रे?" दोन स्थळांनी तर मला नुसतं बघूनच नकार कळवला. शहात्तर साली तिसरं स्थळ आलं, पिंगळीचं. मुलगी कुसुम, परभणीच्या दवाखान्यात नर्स. फोटो गेले-आले, आणि माझ्या आईनं, तानुबाईनं, बजावलं, "सूर्यभान, हे शेवटचं हाय. अंगावर मांस धर!"

माझा दोस्त आश्रुबा मधमाश्या पाळायचं शिकून आला होता. त्यानं इवलीशी बाटली दिली. रॉयल जेली! कामकरी माश्या हा पांढरा चीक आपल्या तोंडातून काढतात. साध्या अळीला दोन-तीन दिवस, राणीला मात्र जन्मभर. कामकरी माशी दीड-दोन महिन्यांत संपते, राणी वर्षानुवर्षं जगते. मी थक्कच झालो!

"ज्वारीच्या दाण्याएवढं रोज, पंधरा दिवस," आश्रुबा म्हणाला. "ताकद येते म्हन्तेत, खरं-खोटं मला ठाव न्हाई. पण माशी चावल्यावर तू सुजतूस का?"

"न्हाई!" मी ठणकावलं. लहानपणी एकदा कान पापडाएवढा झाला होता, पण ती माशी साधी कामकरी होती. राणीच्या खुराकाशी तिचा काय संबंध?

बाटली माठाखाली ठेवली आणि साफ विसरलो. आठवली ती मुलगी बघायला निघायच्या दिवशी! पण गणिताचा मास्तर मी. पंधरा दाणे म्हणजे एक घोट. पिंगळी स्टेशनच्या नळावर बाटली रिकामी केली. आंबट, घसा खरवडणारी!

कुसुमच्या घरी जयभीम झाला, सतरंजीवर बसलो आणि माझे गाल भरायला लागले. तिचे मामा लिंबाजी खूश! "फोटोत लय वाळकं दिसायलं होतं. पोरगं तर गरगरीत हाय की!"

"घरचं दूध-तूप, दुसरं काय!" आई म्हणाली. घरात शेळीसुद्धा नव्हती.

मामांनी माझं शिक्षण विचारलं. माझे ओठ सुजलेले, तोंडातून नुसती हवा आली.

"लाजायलंय!" मामा म्हणाले. डोळे मिटायला लागले, तर म्हणतात, "काय सालस पोरगं! नजर वर करीना!"

तेवढ्यात चहा घेऊन कुसुम आली. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि ट्रे मामांच्या मांडीवर टेकवला. "मामा, ह्ये लाजणं न्हाई, ह्यांचा दम कोंडायलाय! काय खाल्लं वो?"

मी खिशातली बाटली काढली. तिनं ती हिसकावली, मला दंडाला धरून उठवलं, रस्त्यात आडवी उभी राहून जीप थांबवली, आई-मामाही मागे चढले आणि थेट परभणीचा दवाखाना! वाटभर एकच, "श्वास मोजा. गणिताचे मास्तर हाव ना?" काय बाई होती! मरणाच्या दारातसुद्धा मी तिच्यावर खूश झालो.

इंजेक्शनं झाली. डॉक्टर म्हणाले, "कुणाला मानवतं, कुणाचा जीव घेतं. तुम्ही लांबच राहा." संध्याकाळपर्यंत सूज उतरली आणि मी पुन्हा काडी! आईनं डोळ्याला पदर लावला.

"ह्ये तर फोटोतलंच निघालं की!" मामा हिरमुसले. गेलं, तिसरं स्थळही गेलं!

"मामा, मी फोटोतल्यालाच बोलावलं होतं," कुसुम म्हणाली. "ते गरगरीत तोंड दाराआडून बघितलं अन् मी न्हाईच म्हणणार होते!"

लग्नाला तीन वर्षं झाली. तिच्या हातचं खाऊन आता मी खरोखरच गरगरीत झालोय. तिनं तो फोटो भिंतीवर लावलाय आणि ती मला रोज बसस्टँडपर्यंत पळवते!