फोन उचलू नका!

वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घेणाऱ्या बाईंची नोकरी त्या दिवशी दोन मिनिटांवर टांगली होती. ग्राहकाला सरासरी दोन मिनिटांपेक्षा जास्त ताटकळत ठेवलं, तर उद्यापासून बाईंच्या जागी यंत्र बोलेल, असं साहेबांनी बजावलं होतं. पाच वाजता अहवाल निघणार होता. साहेब नियमाचे इतके पक्के, की शिंकसुद्धा जेवणाच्या सुट्टीत देत.

त्यात सकाळीच, ताटकळणाऱ्यांना ऐकवायची बासरी बंद पडली. नुसती शांतता ऐकून लोक फोन आपटतात, म्हणून बाईंनी पर्समधला नवऱ्याचा पेनड्राइव्ह जोडला. त्यात ‘शांत संगीत’ नावाचा फोल्डर होता. नवऱ्याला नेमकं काय शांत वाटतं, हे बारा वर्षं संसार करूनही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पहिला फोन एका आजोबांचा. बाईंनी त्यांना मिनिटभर थांबवलं.

“हं, बोला आजोबा. पाणी गळतंय ना?”

“गळू दे! ते गिटार मध्येच कशाला तोडलंत?”

“अहो, पण पाणी...”

“घोट्यापर्यंत आलंय, बुडत नाही मी! कॉलेजात याच रॉक गाण्यावर नाचताना पाय मुरगळला होता माझा. लावा परत!”

पुढच्या मावशी भांडायच्या तयारीने आल्या होत्या, त्या चक्क रडल्या. त्यांचा भाऊ हेच गाणं दार लावून वाजवायचा आणि त्या बाहेरून दार बडवायच्या. आता भाऊ नव्हता. “तेव्हा नुसता गोंगाट वाटायचा गं. चांगलं होतं की!” त्या म्हणाल्या. बाईंनाही भरून आलं. मावशींना मध्येच तोडायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यानंतर जो तो ‘अजून थोडं थांबवा’ म्हणू लागला आणि दुपारपर्यंत सरासरी सात मिनिटांवर गेली.

आता नोकरी गेलीच, म्हणून बाईंनी पेनड्राइव्ह उपटायला हात घातला, तर समोर साहेब.

“लोक एवढा वेळ थांबतात कशाला? मी केबिनमधून फोन करून बघतो. मलाही थांबवा.”

“साहेब, नको...”

“नियम म्हणजे नियम!”

बाईंनी थांबवलं. काचेपलीकडे साहेबांच्या कपाळावर आठ्या चढल्या. मग आठ्या गेल्या. मग टाय गेला. मग ते दोन फूटपट्ट्या घेऊन टेबल, फायली, पाण्याचा जग, दिसेल ते बडवू लागले.

तेवढ्यात साहेबांच्या घरून फोन आला. साहेब दुसऱ्या लाइनवर आहेत म्हटल्यावर बाईसाहेब थांबल्या, आणि अर्थात गाणं त्यांच्याही कानात गेलं.

“जोडून देऊ साहेबांना?” बाईंनी थोड्या वेळाने विचारलं.

“नको गं. या गाण्यावर ड्रम वाजवणाऱ्या एका केसाळ पोराशी लग्न केलं होतं मी. कुठे गेला, कोण जाणे.”

“इथेच आहे, बाईसाहेब. टेबल फोडतोय.”

आणि बाईंनी गाण्यासकट दोन्ही लाइन एकमेकींना जोडून टाकल्या. गाणं संपायचं, पुन्हा सुरू व्हायचं. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवेना.

पाचला साहेब बाहेर आले, केस विस्कटलेले, कान लाल. बाईंनी जीव मुठीत धरून अहवाल पुढे केला. सरासरी नऊ मिनिटं. सगळ्यात जास्त ताटकळलेले ग्राहक दोन, दोघेही पंचावन्न मिनिटांच्या वर. एक नंबर साहेबांच्या केबिनचा, दुसरा घरचा.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. मग पेन काढून खाली लिहिलं, ‘वेळ मोजणारे यंत्र नादुरुस्त. यंत्रांवर विसंबता येत नाही. बाईंना कायम करावे.’

बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. “साहेब, मग यंत्र दुरुस्तीला पाठवू?”

“खबरदार!” साहेब म्हणाले.