मान्यवरांच्या हवेवर चालणारा हात

कोणतेही यंत्र शेवटी मान्यवरांच्या उपस्थितीवर चालते. हे तत्त्व विज्ञानाच्या पुस्तकांत सापडत नाही. (मी बरीच चाळली, नेमकी तीच पाने माझ्याकडून सुटली असतील.) ते सिद्ध झाले महाडात, २००३ साली, आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत.

तिथे विनोदिनीबाई, निवृत्त विज्ञानशिक्षिका, यंत्रमानवाचा हात बनवत होत्या. साहित्य असे: सायकलची जुनी ट्यूब, पडद्याची नायलॉन जाळी, सलाइनची नळी, छत्रीच्या काड्या आणि हैबती. हैबती पोलादपूरच्या वरच्या वाडीतले; मुंबईच्या गॅरेजात हयात घालवून परतलेले. ट्यूबचा तुकडा जाळीच्या बाहीत घालायचा, दोन्ही टोके तारेने आवळायची आणि सायकलच्या पंपाने हवा भरायची. ट्यूब फुगते, फुगली की लांबीला आखडते, आखडली की दोरी ओढून हात उचलते. माणसाचा दंडही असाच फुगतो. फक्त त्याचे पंक्चर काढता येत नाही.

या दोघांच्या मंडळाचा चिटणीस मी होतो, कारण नाही म्हणायचा मला धीर होत नाही.

खोलीवर कॅरम मंडळाचाही डोळा होता. वाचनालयाच्या अध्यक्षांनी न्याय्य तोडगा काढला: वर्धापनदिनी या हाताने प्रमुख पाहुण्यांना हार घातला तर खोली बाईंची, नाहीतर कॅरमची. बाईंनी रोज तालीम सुरू केली. मान माझी असे. सुरुवातीला हाताने माझा चष्मा दोनदा आणि टोपी एकदा सन्मानपूर्वक काढून घेतली. मग तो सुधारला. तीनदा पंप मारला की हात वर, हार गळ्यात.

अडचण निराळीच निघाली. हवा कोणाच्या हस्ते भरायची? अर्थात पाहुण्यांच्या. (स्वतःच्या सत्काराची हवा स्वतःच भरण्यात कोणालाच वावगे दिसले नाही.) परंतु समईसुद्धा एकट्याने लावण्याची आपल्याकडे पद्धत नाही, प्रत्येक जण एकेक वात पेटवतो, उरलेले पेटवणाऱ्याच्या कोपराला हात लावतात. व्यासपीठावर अकरा मान्यवर बसणार होते. हैबतींनी अकरा जणांची हवा एका ट्यूबमध्ये भरून पाहिली. ट्यूब फुटली आणि एसटी डेपोतल्या एका चालकाने खाली उतरून आपली चाके तपासली.

“बाई, एक बोलू काय?” हैबती म्हणाले. “हातात धरायचे पंप अकरा मांडू. नळ्या टेबलाखाली नेऊ न् तिथंच सोडून देऊ. खरी हवा मी भरतो, पडद्यामागनं. सिंपल हाय.”

“आणि कोणी खाली वाकून पाहिलं तर?”

“मान्यवर खाली वाकत नाय, बाई.”

 बाईंनी खिडकीतून डोकावणाऱ्या कॅरम मंडळाच्या डोळ्यांकडे पाहिले आणि मान डोलावली.

वर्धापनदिनी अकरा जणांनी पंप मारले. डॉक्टरांनी शाल काढून ठेवली, नगरसेवकांना घाम फुटला. पडद्यामागे हैबतींनी तीनदा पंप मारला. हात डुलत वर गेला, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडला आणि सभागृह टाळ्यांनी दणाणले.

“शेवटचा जोर माझा लागला, तेव्हा कुठे उचलला,” अध्यक्ष पाहुण्यांच्या कानात म्हणाले. पाहुण्यांनी त्यांच्याकडे कीव करून पाहिले.

खोली बाईंची झाली. लगेच मागण्या आल्या: नाते गावची पतपेढी, पोलादपूरचे उत्सव मंडळ, कशेडी घाटाच्या पायथ्याचा नवा ढाबा. नाते गावाला जाताना टेम्पोत जागा पुरेना, म्हणून नुसते पंपच गेले. हार तिथल्या शिपायाने घातला. हात कुठे आहे, असे कोणी विचारले नाही. मान्यवरांचे समाधान मात्र शंभर टक्के भरले. आता खोली पंपांनी भरली आहे, आणि हात ठेवायला तिच्यात जागा नाही. बाईंनी तो घरी नेला.

मान्यवरांना आपण हसला असाल. हसावेच. पण प्रेक्षकांचाही सहभाग हवा, अशी सूचना आल्यामुळे परवाच्या कार्यक्रमात आम्ही खुर्च्यांच्या प्रत्येक रांगेत एकेक पंप फिरवला. पंप धरण्यासाठी थोडी ओढाताण झाली. नळी कुठे जाते, ते कोणी पाहिले नाही. आपण तिसऱ्या रांगेत होता. जोर चांगला लावलात. हैबतींनी मुद्दाम कळवायला सांगितले आहे.