पाणसळीतला बुडबुडा

मिस्त्रींच्या अंगणात जुनी व्हॅन येऊन तिसरा उन्हाळा लागला होता. आत राहायची-झोपायची सोय करायची आणि मावशींना, म्हणजे आपल्या बायकोला, तळ्याकाठी फिरायला न्यायचं, असा बेत. पण मिस्त्री पडले गवंडी. जन्मभर भिंती बांधलेला माणूस, घाई त्यांच्या रक्तातच नव्हती. पहिला उन्हाळा गंज खरवडण्यात गेला, दुसरा रंग वाळण्यात. यंदा मात्र मावशींनी बॅग भरून दारात ठेवली आणि सांगून टाकलं, "शनिवारी गाडी निघणार. तुम्ही आत असा नाहीतर बाहेर."

मिस्त्री कामाला लागले. पलंग, ओटा, बेसिन, टेबल, जे बसवतील त्यावर आधी पाणसळ ठेवून पातळी बघायची आणि तिच्या काचेतला बुडबुडा मधोमध आला की मगच स्क्रू आवळायचा. केसभर फरकही त्यांना खपत नसे. शुक्रवारी त्यांनी टेबलावर काठोकाठ भरलेला चहा ठेवून मावशींना बोलावलं. थेंब सांडला नाही. मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी तिथेच बसून तो पिऊन टाकला.

शनिवारी गाडी निघाली आणि पहिल्या चहासाठी सपाट रस्त्याच्या कडेला थांबली. मिस्त्रींनी कप टेबलावर ठेवला, तो घसरत घसरत थेट त्यांच्या मांडीवर आला. मागोमाग साखरेचा डबा. बेसिनमधलं पाणी भोकाकडे जायचं सोडून कोपऱ्यात जाऊन बसलं. पलंगावर पडून पाहावं तर पाय वर आणि डोकं खाली. मिस्त्रींनी पाणसळ काढली, तर बुडबुडा पार टोकाला पळालेला.

तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अंगणाला चढ होता, आणि चढावर उभ्या गाडीत त्यांनी सगळं अगदी समपातळीत बसवलं होतं. हे घर एक दिवस जागचं हलणार आहे, हे काही त्यांना सुचलं नव्हतं.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. "मागे फिरू या. सगळं उखडून नव्यानं बसवतो. फार तर महिना जाईल."

यांचा महिना म्हणजे पुढचा उन्हाळा, हे मावशींना पाठ होतं. "उखडायचं ते परत आल्यावर उखडा," म्हणत त्यांनी किल्ली उचलली आणि स्वतःच गाडी चालवायला बसल्या. मिस्त्री वाटभर डबे धरून मागे बसून राहिले.

तळ्याकाठी पोचेपर्यंत गाड्या लावायच्या सगळ्या सपाट जागा भरल्या होत्या. रखवालदार ओशाळून म्हणाला, वर चढावर एक जागा आहे, पण तिथे कुणी थांबत नाही. मावशींनी गाडी तिथेच चढवून उभी केली. मिस्त्रींनी टेबलावर पाणसळ ठेवली. बुडबुडा डुलत डुलत आला आणि थांबला. मधोमध नाही, केसभर इकडे. मिस्त्रींनी ते पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि पाणसळ गुपचूप पिशवीत टाकली.

मागचं दार उघडलं तर सगळ्या गाड्यांच्या टपांवरून अख्खं तळं दिसत होतं. थोड्या वेळानं खालचा एक गाडीवाला डोकावला. एवढ्या चढावर यांचा चहा सांडत कसा नाही, ते त्याला कळेना.

"गवंडी आहे मी," मिस्त्री म्हणाले. "जागा बघूनच काम करतो."

मावशींना ठसका लागला. मग त्यांनी पाहुण्यालाही काठोकाठ चहा ओतला.